सुनीता पवार नावाचं सर्टिफिकेट

वैजयंतीताई गेल्याचं मला पंचवटीच्या भाजीबाजारात कळलं. त्यांची शेजारीण भेटली. म्हणाली, "अहो, तुमच्या ताई गेल्या... सकाळी झोपेतच." मेथीची जुडी हातात धरून मी तिथेच उभी राहिले. त्याला आता दीड महिना झाला. रडून झालं, आता ताई आठवल्या की बरंच वाटतं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. नाशकातल्या एका रक्तपेढीचा संगणक विभाग ताई सांभाळायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली नवीन लागले होते. विभाग म्हणजे दोन टेबलं, एक सर्व्हर आणि ताईंचा डबा, ज्यातला अर्धा रोज माझ्या पोटात जायचा. संस्थेच्या गावोगावच्या केंद्रांतल्या नर्स रक्तदात्यांच्या नोंदी इंटरनेटवरून आमच्याकडे पाठवत. पासवर्ड सगळ्यांचा एकच, तोही भिंतीवर चिकटवलेला. कोणी काय भरलं, पत्ताच लागायचा नाही. ताईंनी तो कागद फाडला. प्रत्येक नर्सच्या नावाचं डिजिटल सर्टिफिकेट, म्हणजे संगणकात ठेवायचं ओळखपत्र, तयार केलं, फ्लॉपीवरून पाठवलं आणि फोनवर समजावत समजावत तिच्या केंद्रातल्या संगणकात बसवून घेतलं. त्या संगणकाने सर्टिफिकेट दाखवलं की आमचा सर्व्हर पासवर्ड न विचारता तिला ओळखायचा. "पासवर्ड काय गं, कोणीही कोणाला सांगतं," ताई अभिमानाने म्हणायच्या, "हे असं तोंडी नाही सांगता येत!"

पुढे एका रक्तदात्याचा रक्तगट चुकीचा नोंदला गेला. आमच्याकडे प्रत्येक पिशवी पुन्हा तपासत, म्हणून ते लक्षात आलं; नाहीतर कोणाच्या तरी जिवावर बेतलं असतं. नोंदीपुढे नाव होतं सुनीता पवार, सायखेडा. मोठे डॉक्टर तिला कामावरून काढायला निघाले. तिला सगळ्यांसमोर बोलावून घेतलं.

"साहेब, मी त्या दिवशी केंद्रात नव्हतेच. म्या नाय भरलं ते," ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

ताई शांतपणे म्हणाल्या, "सर्टिफिकेट तुमचंच आहे, बाई."

सुनीता पदराने डोळे पुसत निघून गेली. दुपारी ताईंनी डबा अर्ध्यावरच बंद केला. "खोटं बोलणारी वाटली नाही गं ती..." म्हणाल्या आणि उठल्याच. निमाणीच्या बसस्थानकावरून आम्ही दोघींनी सायखेड्याची बस पकडली. केंद्रातल्या हजेरीवर त्या दिवशी सुनीताची रजा होती. संगणकाच्या खोलीची किल्ली शिपायाकडे असायची. तो म्हणाला, कुलूप दिवसभर उघडलंच नव्हतं.

परत येऊन ताई सर्व्हरसमोर बसल्या. तासाभराने मला हाक मारली. त्र्यंबकेश्वरच्या केंद्रात नुकतीच दुसरी एक सुनीता पवार लागली होती. दोघींच्या सर्टिफिकेटचे क्रमांक वेगळे होते. पण ताईंचा प्रोग्रॅम सर्टिफिकेटवरचं फक्त नाव वाचायचा आणि यादीत त्या नावाची पहिली जी सापडेल, तिच्या नावे नोंद टाकायचा. पहिली होती सायखेड्याची.

"गुपचूप दुरुस्त करून टाकू ना, ताई," मी म्हणाले. "सुनीताची चूक नव्हती, एवढं सांगितलं की झालं."

"आणि मी तिला सगळ्यांदेखत खोटं पाडलं, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी सुनीताला पुन्हा बोलावून सगळ्यांसमोर ताई उभ्या राहिल्या. "प्रोग्रॅम माझा, चूक माझी. सुनीताताई, मला माफ करा." लेकीच्या वयाच्या नर्सपुढे त्यांनी हात जोडले. सुनीताने ते हात धरले. "असं नका करू, ताई. तुम्ही गावापर्यंत येऊन बघितलं, लय झालं."

खरोखर चूक केली होती ती त्र्यंबकेश्वरची सुनीता अगदीच नवखी होती. तिलाही ताईंनी काढू दिलं नाही. आठवडाभर शेजारी बसवून नोंदी शिकवल्या. प्रोग्रॅम तर त्याच दिवशी बदलून नावाऐवजी सर्टिफिकेटचा क्रमांक तपासायला लावला.

ताई निवृत्त झाल्यावर त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. परवा काही कामासाठी तो जुना प्रोग्रॅम उघडला. क्रमांक तपासणाऱ्या ओळींच्या वर त्यांनी मराठीत टीप लिहून ठेवलेली दिसली, इंग्रजी अक्षरांत: 'नुसत्या नावावरून माणूस ओळखू नये. शंका आली तर बसने जाऊन यावं.' संगणक असल्या टिपा न वाचताच पुढे जातो. मी मात्र बराच वेळ तिथेच थांबले...