मारुतीचा दोन अर्थिंगांचा डबा

कुंभवलीत मारुती इलेक्ट्रिशियनला लोक 'दोन अर्थिंग' म्हणतात. हे नाव मी ठेवलं नाही, मी फक्त पसरवलं. तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात तो तीस वर्षं विजेच्या मोटारी सांभाळतोय. तिथला नियम असा, की प्रत्येक मोटारीला दोन ठिकाणी अर्थिंग हवं. एक तुटलं तर दुसरं असावं. साताऱ्याकडून आला तेव्हा केस काळे होते. आता पहिली पाळी करून आला की चपला काढायलाही खाली बसतो.

अशा माणसाला नवसीने कामाला लावलं. नवसी त्याच कारखान्यात झाडू मारते, आणि तिच्या पाड्यावरची धवलेरी आहे. वारल्यांचं लग्न धवलेरी गाणी गाऊन लावते. यंदा घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज बसला तो बसलाच, आणि नात हेतलचं लग्न रविवारवर आलेलं. मनोरला मैनाबाई धवलेरी आहे की! पण पूर्वी जोडीने गाणाऱ्या या दोघी बारा वर्षं बोलत नाहीत. कारण मला विचारा: मानाचं लुगडं. एका लग्नात ते दोघींपैकी एकीलाच मिळालं होतं.

"माजे नातीचं लगीन माजेच आवाजात लागंल," नवसी म्हणाली. "मैनीचा पाय मांडवात नको."

तिच्याकडे स्वतःच्या गाण्यांचं जुनं रेकॉर्डिंग होतं. पण ते सलग लावून भागत नाही. धवलेरीने एक ओळ म्हणायची, बायांनी ती झेलायची, मग पुढची. म्हणून मारुतीने मायक्रोकंट्रोलर नावाचा चिमुकला संगणक, मेमरी कार्ड, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर पत्र्याच्या डब्यात बसवले. बटण दाबलं की एक ओळ, मग गप्प.

गप्प कसला! डबा सतत घूंऽ करायचा, आणि गाण्यामागे कार्डाची चिरचिर.

"मारुतीभाऊ, माजा गला गेला. आता डब्यालाबी खोकला?"

"थांबा नवसीताई. पहाटेपासून उभा आहे मी."

चार्जर काढून बॅटरी लावली; घूं गेलं, चिरचिर राहिली. स्पीकर बदलला. कुरकुर गाळायला मोठा कपॅसिटर लावून झाला. बायको नर्मदा म्हणाली, "अहो, कंपनीतल्या मोटारी तरी तुमचं ऐकतात का?" तो स्क्रूड्रायव्हर हातात धरूनच पेंगत होता. एवढा दमला होता.

शनिवारी दुपारी मी मारुतीकडे चहाला टपकलो, नवसीही आली होती. मारुती कितव्यांदा तरी झाकण उघडत होता, तेवढ्यात एक हिरवी तार स्क्रूवरून सुटली. चिरचिर बंद! त्याने तार घट्ट केली. पुन्हा चिरचिर.

मी वाकून पाहिलं. "अरे, बॅटरीवरच्या डब्याला दोन अर्थिंगं?"

"सवय," तो म्हणाला.

कार्डाचा बोर्ड आणि ॲम्प्लिफायर आपसात जोडलेलेच होते. शिवाय दोन्ही हिरव्या तारांनी डब्यालाही बांधल्याने तारांचं वेटोळं झालं, आणि त्यातून कार्डाची कुरकुर स्पीकरपर्यंत पोचत होती. एक तार तोडली की संपलं. पण तीस वर्षं 'दोन अर्थिंग ठीक' म्हणून सह्या करणारा हात धजेना. शेवटी कापली, आणि सेफ्टी ऑफिसर आल्यासारखं दाराकडे पाहिलं.

नवसीने बटण दाबलं. स्वच्छ आवाज. आणि त्यामागे, इतके दिवस चिरचिरीत बुडालेली, अगदी हळू आवाजात दुसरी बाई गात होती. नवसीचा श्वास जिथे संपे, तिथे ती ओळ उचलून धरी. मैनाबाई! नवसीने पुन्हा दाबलं. चार ओळी, चारही ठिकाणी तीच.

"पुन्हा जोडू का तार?" मारुतीने विचारलं. थट्टेत की खरंच, मला कळलं नाही.

नवसी पायरीवर बसली. चहा बाजूला सारून डबा मांडीवर घेतला.

"मनोरची जीप कवा हाय?"

रविवारी नवसी बटण दाबी, डबा तिची ओळ म्हणे, आणि शेजारी बसलेली मैनाबाई ती झेली. एकमेकींकडे बघायला मात्र दोघी तयार नव्हत्या. लुगडी दोन आणली होती. मी मुद्दाम पाहून आलो. मारुतीला सांगायला गेलो, तर तो मांडवाच्या खांबाला टेकून झोपला होता.