दादाची खोटी गिऱ्हाइकं

आमचा दादा कुलूप लावून दोनदा ओढून बघतो, मग मला ओढायला लावतो आणि मी ओढलं की पुन्हा स्वतः ओढतो. अशा माणसाने लोकांच्या वेबसाइट सांभाळायचा धंदा काढला. मागच्या थंडगार खोलीत सर्व्हर आणि दादाचं टेबल, पुढच्या खोलीत मी. ऑफिसात माणसं आम्ही दोघंच. बिलं आणि रिन्यूअल माझ्याकडे. कुणाची मुदत संपत आली की मी फोन करते. फोन केल्याशिवाय आजवर मी एकाचीही साइट बंद केलेली नाही.

पण गिऱ्हाइकं वाढली आणि हे हाताने आवरेना. बिलिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. बिल तेच पाठवणार, आठवण तेच करणार, मुदत टळली की साइटही तेच बंद करणार. दादा म्हणाला, "हे एकदा मार्गी लागू दे, मग कागदोपत्री तू निम्म्याची भागीदार." इतकी वर्षं राबले, तेव्हा हे सुचलं नव्हतं. तरी मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू.

आता निवडायचं कसं? पहिलं सॉफ्टवेअर स्वस्त, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. दुसरं महाग, म्हणजे सरळ लुबाडताहेत. तिसरं विकायला आलेल्या बाई इतकं गोड बोलल्या की दादाने चहाला हातच लावला नाही. चहा मी केला होता.

त्याची खरी धास्ती वेगळीच होती. सॉफ्टवेअर वापरून बघायचं तर त्यात गिऱ्हाइकांची यादी भरावी लागते. "यादी फुटली की आपण संपलो," तो म्हणायचा. "उद्या कुणीतरी एकेकाला फोन लावेल आणि स्वस्तात पळवून नेईल."

म्हणून त्याने शक्कल लढवली. तिन्ही ठिकाणी दिलेल्या याद्यांत एकेक खोटं गिऱ्हाईक घुसवलं. एकीत दातांचा डॉक्टर, दुसरीत व्यायामशाळा, तिसरीत नाचाचा क्लास. प्रत्येकाला वेगळा नंबर. जुने फोन चार्ज करून ड्रॉवरमध्ये ठेवले. जो वाजेल, त्याची यादी फुटली. हे सांगताना स्वारी भलतीच खुशीत होती. आणि आपल्या माणसाला विश्वासात घेतलं म्हणून मीही.

फोन काही वाजले नाहीत. "इतकी शांतता बरी नाही," दादा म्हणाला. शेवटी कुरकुरत का होईना, गोड बोलणाऱ्या बाईंचंच सॉफ्टवेअर घेतलं, कारण कुणी काय उघडून बघितलं याची नोंद त्यात राहते.

ते चालू करायच्या आधी मी माझ्या यादीतली राहिलेली रिन्यूअल उरकायला घेतली. एका फुलांच्या दुकानाची मुदत उलटून गेली होती. गिऱ्हाईक नवीन, ऑनलाइन आलेलं, कधी बोलणं नाही. सॉफ्टवेअर चालू झालं असतं तर बिचाऱ्याची साइट गेलीच असती. मी घाईघाईने फोन लावला.

मागच्या खोलीत ड्रॉवर वाजायला लागला.

दादा जागचा हलला नाही. मी फोन कानाला तसाच धरून आत गेले आणि ड्रॉवर उघडला. आत चौथा फोन होता आणि त्यावर माझा नंबर. फुलांचं दुकान बाकी कुठल्याच यादीत नव्हतं. ते फक्त माझ्या यादीत होतं.

"रिन्यूअल करायला विसरलास," मी म्हणाले.

"अगं, तुझ्यावर संशय नव्हता. आपली एक खात्री करून घेतली." मग त्याचा चेहरा उजळला. "आणि बघ ना, बाहेरच्या कुणाचा एकदाही फोन आला नाही त्यावर. पास झालीस तू."

त्याने भागीदारीचे कागद माझ्यापुढे सरकवले. खरंच तयार करून ठेवले होते. पेनसुद्धा दिलं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला वाटलं मी आनंदाने रडतेय.

"आणि नापास झाले असते तर?" मी विचारलं.

त्याने पेन परत घेतलं आणि त्याचं टोपण काढत-लावत बसला.

कागद अजून माझ्या टेबलावर आहेत, सही केलेली नाही. काम चालू आहे. मात्र आता नवीन गिऱ्हाइकाला फोन लावला की पलीकडून "हॅलो" यायच्या आधी मी मागच्या खोलीत काही वाजतंय का ते ऐकते.