चार तारा आणि वेताची खुर्ची

जगात जे काही बिघडतं ते तारेमुळेच बिघडतं, यावर माझ्या साडूंची जेवढी श्रद्धा आहे तेवढी मी कुणाची कशावरही पाहिलेली नाही. नळाला पाणी आलं नाही, मुलीचं लग्न जमलं नाही, भाजीला चव आली नाही, तर ते क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, "कुठंतरी जोड ढिला आहे." उभी हयात त्यांनी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये यंत्रं सांभाळण्यात घालवली. तिथे अर्धा अंश इकडचा तिकडे झाला की ट्रकभर माल नासतो, त्यामुळे हा माणूस घरातही अर्ध्या अंशाने जगतो. चहा गार झाला म्हणत नाही, "उतरला" म्हणतो.

आता ही तारांची भानगड नीट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल मी विजेच्या खांबांबद्दल बोलतोय. रेकॉर्ड प्लेयरच्या दांडीच्या टोकाला, सुई जिथे असते तिथे, अंगठ्याएवढं एक डोकं असतं. त्याला हेडशेल म्हणतात. सुई ज्या इवल्याशा डबीला लावलेली असते ती कार्ट्रिज. या डबीपासून त्या डोक्यापर्यंत चार तारा जातात: लाल, पांढरी, हिरवी, निळी. जाडी केसाएवढी, लांबी दोन बोटं. लाल-हिरवीची जोडी उजव्या स्पीकरची, पांढरी-निळीची डाव्याची. बाकीचं जग हे सामान येईल तसं वापरतं. आमचे साडू मात्र दर दोन-तीन महिन्यांनी त्या चारही तारा उपटतात आणि नव्या बसवतात. तांब्याच्या, चांदीच्या, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या. कुठून कुठून मागवतात. "तांबं सोशिक असतं, साडूभाऊ," ते मला सांगतात, "चांदी जरा तोंडाळ." मी भूगोलाचा मास्तर. मला ही दोन्ही खनिजं म्हणूनच माहीत.

तार बसवायचा कार्यक्रम बघण्यासारखा. आधी पंखा बंद. नाशिकचा मे महिना असो, घरात पाहुणे असोत, पंखा बंद म्हणजे बंद, कारण तारेच्या टोकाची चिमटी मुगाच्या दाण्याहून लहान आणि ती उडाली की संपलं. एकदा अशी उडाली तेव्हा त्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात केर काढू दिला नाही. शेवटी ती त्यांच्याच बनियनला अडकलेली सापडली. तार कापायला द्राक्षांच्या विरळणीची कात्री, चिमटी सैल करायला दात कोरायची काडी आणि धरायला मेहुणीबाईंचा भुवया कोरायचा चिमटा. मेहुणीबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, पुतणीच्या हळदीला निघताना तो चिमटा शोधून थकल्या आणि एक भुवई तशीच घेऊन गेल्या. फोटोत अजून दिसते.

आणि मग परीक्षा. मला मधल्या खुर्चीत बसवायचं, दोन्ही स्पीकरपासून टेपने मोजून सारख्या अंतरावर, आणि विचारायचं, "फरक कळला?" सुरुवातीला मी प्रामाणिकपणे नाही म्हणायचो. त्या दिवशी चहा मिळायचा नाही. मग मी शिकलो. "खालचा सूर मोकळा झाला" असं म्हटलं की चहा यायचा, सोबत चिवडाही यायचा. एकदा मी घाईत होतो, बसल्या बसल्या म्हणून टाकलं, "वा! खालचा सूर अगदी मोकळा!" साडू शांतपणे म्हणाले, "अजून बदलली नाही तार." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हा माणूस रागावला नाही. म्हणाला, "म्हणजे जुनी तारही वाईट नव्हती."

आता तुम्ही विचाराल, हे सगळं कशासाठी? मीही विचारायचो. उत्तर एकच: एक रेकॉर्ड. आमचे सासरे सटाण्याचे. हार्मोनियम, आपण पेटी म्हणतो ती, उत्तम वाजवायचे. तरुणपणी तिथल्या भजनी मंडळाबरोबर मुंबईला जाऊन त्यांनी एका रेकॉर्डला साथ केली होती. तेवढंच त्यांचं वाजवणं जगात उरलं. पहिल्या दिवाळसणाला सासऱ्यांनी मला अंगठी घातली आणि साडूंच्या हातात ती रेकॉर्ड ठेवली. तेव्हा मी मनात हसलो होतो. आज अंगठी माझ्या बोटात जात नाही आणि ती कपाटात कुठे आहे हेही मला ठाऊक नाही.

सासरे गेल्यावर सासूबाई गंगापूर रोडला साडूंकडेच राहायला आल्या. त्यांची जागा ठरलेली: उजव्या स्पीकरला खेटून वेताची खुर्ची. तिथून फाटक दिसतं, कोण आलं, कोण गेलं, भाजीवालीने आज मेथी आणली की नाही, सगळं कळतं. रेकॉर्ड लागली की त्या मान कलती करून ऐकायच्या आणि संपली की आपल्या अहिराणीत विचारायच्या, "त्यासनी पेटी कोठे शे?"

"आई, वाजली ना आत्ता!" साडू कळवळून म्हणायचे.

"टाळ आयकू ऊनात. पेटी नही."

एक कान आधीच गेलेला, दुसराही चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मशीनचा आता फारसा उपयोग नाही, जे ऐकवायचं ते ऐकवून घ्या. हे साडूंनी मला फाटकापाशी उभं राहून सांगितलं. "मधल्या खुर्चीत मला पेटी लख्ख ऐकू येते, साडूभाऊ. मग त्यांना का नाही? तारेतच काहीतरी अडतंय." आणि पुढच्या आठवड्यात नव्या तारा. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा नव्या तारा. त्या म्हातारीचा कान मिटायच्या आत नवऱ्याची पेटी तिच्यापर्यंत पोचवायची, एवढी एकच गोष्ट या माणसाला हवी होती. मी चहा-चिवड्यासाठी खोटं बोलत होतो याची मला त्या दिवशी खरंच लाज वाटली.

त्यानंतर साडूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. हिरवी आणि निळी त्यांना सारखीच दिसायला लागली. तरी ऑपरेशनपर्यंत थांबायची तयारी नाही. मला बोलावून घेतलं. मी बॅटरी धरायची आणि रंग सांगायचे, ते बसवणार. पंखा बंद. माझ्या नाकावरून घाम टपकत होता. कार्ट्रिजवरच्या खुणा पुसट झालेल्या, मी आपला नकाशावरच्या नद्या दाखवाव्यात तसा ठामपणे सांगत गेलो, लाल इथे, निळी तिथे. तासाभराने सुई टेकली.

टाळ लांब, डावीकडे गेले. आणि सासूबाई ताठ बसल्या. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट. बोटं हलायला लागली.

"हाई शे," त्या म्हणाल्या. "हाई शे त्यासनी पेटी."

रेकॉर्डची एक बाजू संपली. मग त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. मेहुणीबाई ओट्यापाशी उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या. साडू माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "शेवटी तार सापडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. भिंग लावून त्यांनी तपासलं होतं. "साडूभाऊ, काल कार्ट्रिज आपण उलटं धरलं होतं. उजवीकडची जोडी डावीकडे बसली, डावीकडची उजवीकडे. पेटी मुळात डाव्या स्पीकरात आहे. इतकी वर्षं ती खोलीच्या त्या टोकाला वाजत होती."

म्हणजे सासूबाई बसल्या होत्या चुकीच्या स्पीकरपाशी, एवढंच. चूक माझी होती हे मला कळलं, त्यांनाही कळलं, पण ते "आपण" म्हणाले. संध्याकाळी मी गेलो तेव्हा मेहुणीबाईंनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "मग तेव्हाच आईची खुर्ची पलीकडे सरकवली असती तर?" आम्ही दोघे साडू एकमेकांकडे बघत चहा प्यायलो.

"आता सरळ करणार?" मी विचारलं. भिंतीवरची फ्रेम केसभर वाकडी असेल तर लोकांच्या घरातही उठून सरळ करणारा हा माणूस.

"राहू द्या," ते म्हणाले.

पुढचं वर्षभर सासूबाईंनी रोज चार वाजता पेटी ऐकली. शेवटी शेवटी नुसता हात स्पीकरवर ठेवून ऐकायच्या. द्राक्षांचा हंगाम संपता संपता त्या गेल्या.

साडूंचं ऑपरेशन झालं, आता त्यांना हिरवी-निळी स्वच्छ दिसते. तारा मात्र बदललेल्या नाहीत. परवा गेलो तेव्हा मी उगाच म्हटलं, "आता तरी योग्य जागी लावा."

"योग्य जागीच आहेत," साडू म्हणाले.

त्यांनी रेकॉर्ड लावली, मला मधली खुर्ची दाखवली आणि स्वतः वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. पंखा चालू होता. रेकॉर्ड संपली, तरी त्यांचा हात स्पीकरवरच होता. फरक कळला का, असं त्यांनी मला विचारलं नाही.