शेरूची खाज आणि आईची खारी

मंडळी, आमच्या शेरूने खाजवून खाजवून पोटावरचे केस घालवलेत, म्हणून आज त्याला कोलशेतच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलेलो. सोबत आई होती. कुत्रा घरी आणला तेव्हा माझ्याशी बोलणं टाकणारी आई.

डॉक्टर म्हणाले, "पोट बिघडलेलं असलं की अ‍ॅलर्जीही वाढू शकते. काय खातो हा?"

"फक्त डॉगफूड," मी ठामपणे सांगितलं.

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि माझ्यासोबत चहा-खारी. रोज. बिचारा एकटक बघत बसतो रे."

डॉक्टरांनी खारी बंद केली. रिक्षात शेरूला मांडीवर घेऊन आई म्हणाली, "मीपण सोडली खारी. याच्यासमोर कशी खाऊ?"

बाबांना डायबिटीस निघाला तेव्हा तिने त्यांच्यासमोर बसून जिलेबी खाल्लेली.

तुमच्या घरी कुत्रा कितव्या नंबरवर आहे?