मातीला हात लावून

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगतानाही तुमच्या डोळ्यांकडं बघतोय. वाईट वाटून घेऊ नका, सवयच लागलीय. कबड्डी खेळलेला माणूस समोरच्याच्या तोंडावर विश्वास ठेवत नाही. नजर उजवीकडं, पाय डावीकडं — हूल म्हणजे दुसरं काय असतं?

आमच्या गावात हुलीचे गडी दोघंच. मी आणि माझा दोस्त डिगा. दुष्काळात गोदावरी कोरडीठाक पडली, तेव्हा तिच्याच वाळूत आम्ही सराव करायचो. वाळूत माझे पाय रुतायचे, त्याचे नाही. धरायला जावं, तर गडी तिथं नसायचाच. माझा जळफळाट व्हायचा — खरं सांगतो, लई व्हायचा.

त्याच साली सहकारी साखर कारखान्याच्या संघात एक जागा निघाली. संघात घेतलं की कारखान्यात नोकरी, अशी तिथली रीत. शिवारात कुसळ उगवत नव्हतं, त्यामुळं अख्खा तालुका लोटला. गाळत गाळत शेवटी आम्ही दोघंच उरलो. चढाई माझी, समोर एकटा डिगा. हात लागला तर नोकरी मला, पाय वाचला तर त्याला.

मी हूल दिली, त्याच्या गुडघ्याकडं हात टाकला आणि माघारी पळालो. फुफाटा एवढा उडाला, की पंचाला काही दिसलंच नाही. मग आमच्याकडं करतात तेच पंचानं केलं. मला म्हणाला, "मातीला हात लावून सांग." मैदानाच्या मातीला हात लावल्यावर खोटं कुणी बोलत नाही — निदान तोवर कुणी बोललं नव्हतं.

मी वाकलो. माती कपाळाला लावली.

"लागला."

डिगा माझ्याकडं बघत राहिला. अरे, भांडायचं होतंस की! पण नाही. "माती लावलीय म्हंजी लागलाच आसंल," म्हणाला, आणि गुडघा चाचपत बाहेर गेला.

मी कारखान्याच्या गेटवर नोकरीला लागलो. डिगानं कोयता धरला. दर हंगामात तो उसाची गाडी घेऊन माझ्याच गेटातून आत यायचा. "काय बे, सायेब झालास!" म्हणून हसायचा, जाताना चहा पाजायचा. कशापायी पाजत असेल? याला कळलंय का? वेळ बघून चारचौघांत काढणार का? इतकी वर्षं मी त्याच्या डोळ्यांत हूल शोधत आलो.

परवा पारावर कबड्डीचा विषय निघाला. डिगा माझ्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना म्हणाला, "ह्याच्यासारखा गडी न्हाई. मला वाटलं पाय वाचला, आन् ह्याचा हात लागून गेलता! तवापासून मी मैदानात उतरलोच न्हाई. आपल्याच पायावरचा भरवसा उडाला."

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. हूल नव्हती. तो खरंच तसं समजतो.

त्या चढाईला डिगानं पाय असा काढला, की तसा मी जन्मात पाहिला नाही. माझा हात वाऱ्यात फिरला. त्याचा गुडघा वीतभर लांब होता.