तळाची बातमी

अण्णा गेल्याचं मला पेपरातून कळलं. शेवटचं पान, जाहिरातींच्याही खाली, दोन ओळी. मला फोन करायचं त्यांच्या घरच्यांकडून राहून गेलं असणार... माझी नजर आधी तिथेच गेली, ती अण्णांमुळेच.

अण्णा मूळचे रहिमतपूरचे, फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात स्थायिक झालेले. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस इंटरनेट नवं होतं, तेव्हा आम्ही काही हौशी मंडळी रोज आपल्या भागातल्या बातम्यांचा सारांश लिहून परदेशातल्या गाववाल्यांना ई-मेलने पाठवायचो. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. पैसे कुणालाच नव्हते, भांडणं मात्र मुबलक. कुठली बातमी वर घ्यायची यावर तोडगा अण्णांचाच. प्रत्येकाने दुसऱ्यांच्या बातम्यांना क्रमांक द्यायचे, स्वतःच्या बातमीला नाही. ज्या बातमीची बेरीज सगळ्यांत कमी, ती पहिली. संध्याकाळी बेरीज करून अण्णा मेल पाठवायचे, आणि एकदा ठरलेला क्रम ब्रह्मदेव आला तरी बदलायचे नाहीत.

एका पावसाळ्यात, धरणातून नदीत मोठं पाणी सोडणार ही बातमी त्यांनी लिहिली. नेमका तेव्हाच मिरजेचा माधव आमच्यात नवा आला होता. पेशाने शिक्षक. त्याने क्रमांकांऐवजी दहापैकी मार्क दिले! पाण्याला पैकीच्या पैकी. बेरीज फुगली आणि बातमी तळाला गेली.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी मेल उघडली. वर नाट्यस्पर्धा, मग उसाचा भाव, आणि पाणी सगळ्यांत शेवटी. कुवेतची विनिता वरच्या दोन-तीन बातम्याच वाचायची. तिची आई सांगलीत नदीकाठी एकटी, कानाने अधू. भोंग्यावरून कितीही ओरडा, त्यांना ऐकू जायचं नाही. शेजाऱ्यांकडे लेकीचा फोन आला तरच त्या घराबाहेर पडायच्या. घर आम्हाला ठाऊक नव्हतं, विनिताचा ई-मेलही अण्णांकडेच.

माधवला विचारलं, तेव्हा घोळ कळला. मी लगेच साताऱ्याला फोन लावला.

"माझीच बातमी हाय गड्या, मी कशी वर घेऊ?" अण्णा म्हणाले. "तुमास्नी ती म्हत्त्वाची वाटली न्हाई, आसं समजलो."

"अण्णा, माधवने मार्क दिलेत. क्रमांक नाहीत ते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "फोन ठिव. लाइन मोकळी कर."

त्यांच्याकडे फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर. ती तार पावसात लागता लागेना. मी इकडे पडद्याकडे बघत बसलो. चहा निवून गेला... शेवटी अण्णांची दुसरी मेल आली. तिच्यात एकच बातमी, पहिल्या क्रमांकावर, त्यांची स्वतःची.

विनिताचं उत्तर उशिरा आलं. आईला शेजाऱ्यांनी माडीवर नेलं होतं. पाणी तेव्हा उंबऱ्याला लागलेलं.

आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. अण्णांनी नाही. "म्हातारी वाचली, पर माझ्या बेरजेनं न्हाई," एवढंच म्हणाले. त्यानंतर यादी असो की पेपर, ते खालून वर वाचत. मी लय चेष्टा केली त्यांची, आणि करता करता तीच सवय मला लागली.

स्वतःच्या बातमीला क्रमांक द्यायची अण्णांना मुभा नव्हती. परवा त्या दोन ओळींशेजारी पेनाने मी दिला. एक.