बिनभाड्याचा भाडेकरू

परवा शेजारी भिंतीला चुना लावून राह्यले होते, त्या ओल्या वासानं बदनापूरची खोली आठवली. सत्तर सालानंतरची गोष्ट. स्टेशनाजवळ भाड्यानं द्यायला म्हणून ती मी सावकाराचं कर्ज काढून बांधली. व्याज शेकड्याला महिना तीन रुपये. भाडं सगळं व्याजातच जायचं, वर माझी मजुरीही. शेवटी सावकार म्हणाला, दिवाळीला मुद्दल दे, न्हाई तर खोली माझी. त्यातच जुना भाडेकरू गेला, अन् नवा, रेल्वेतला एक माणूस, खोली बघायला आल्ता. बायको आत चुना देत होती, हात कोपरापर्यंत पांढरे. मला न विचारता तिनं त्याला सांगितलं, "भाऊ, भाडं देऊच नका. एकरकमी पैसे द्या, तीन वर्षं राहा, जाताना रक्कम बराबर परत घ्या. तुम्हाला भाडं न्हाई, आम्हाला व्याज न्हाई." मी म्हणालो, "येड लागलं का? भाड्यासाठीच बांधली ना?" "मंग आजवर भाडं कुणी खाल्लं, तुम्ही का सावकारानं?" तो माणूस हसला अन् कबूल झाला. त्याच्या पैशात सावकाराचं देणं मिटलं, अन् त्याची रक्कम आम्ही मजुरीतून साठवून फेडली. खोली वाचली. पुढं ती भाड्यानं दिली, अन् आलेलं भाडं मी बायकोच्याच हातात द्यायचो. औंदा बायको गेली. भाडं आता पूर्ण माझ्या हातात येतं, अन् ते घेऊन मी दारातच उभा राहतो, आत कुणाला द्यावं कळत न्हाई.